निळ्या दोऱ्याची शिवण

इद्रीस घाबरट होता. हे मी त्याच्या माघारी बोलतोय असं समजू नका. तो समोर बसलेला असतानाही आम्ही हेच म्हणायचो आणि तो बिचारा मान डोलवायचा. गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या घरात जन्माला येऊन त्याला समुद्राची भीती वाटायची. पोलीस दिसला की तो रस्ता बदलायचा, मग तो पोलीस सुट्टीवर भाजी घ्यायला का आलेला असेना. कुवेतमध्ये एका परदेशी कंपनीच्या मेसमध्ये तो वाढप्याचं काम करायचा, आणि इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक बशी फुटली नव्हती. साहेब लोक त्याच्या हाताचं कौतुक करत. मला विचाराल तर त्यात हाताचा काही संबंध नव्हता. बशी फुटली तर काय होईल, या धास्तीनेच तो ती घट्ट धरून ठेवायचा.

आम्ही तिघं कुवेतच्या दस्मान भागात, एका अरबाच्या घरामागच्या खोलीत राहायचो: इद्रीस, महबूब आणि मी. तिघंही दाभोळच्या खाडीकडचे, एकाच गावचे. मी एका कापडाच्या दुकानात होतो. महबूब वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला महबूबभाई म्हणायचो. तरुणपणी तो गलबतांची शिडं शिवायचा. गलबतं कमी होत गेली तसा तो तंबू आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागला. दोऱ्याला मेण लावून तो दुहेरी टाका घालायचा. एक टाका जसा, तसाच शेवटचा. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी ही महबूबभाईची शिवण, हे कळायचं.

त्याची आई, कुबराखाला, गावी एकटी होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे तिला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. तिचा नवरा बसऱ्याला वारला होता. त्याचं सामान बरोबरच्या खलाशांनी पोटलीत शिवून गावी पाठवलं होतं. तेव्हा असंच असायचं. परमुलखात माणूस गेला की बातमी पोटलीच आणायची. आणणाऱ्याला तोंडाने सांगायचा धीर होत नसे. तो आधी 'बरा आहे' म्हणायचा, मग पोटली पुढे ठेवायचा आणि खाली बघत बसायचा. बायका शिवण बघायच्या, ती आपल्या माणसाच्या हातची नाही हे ओळखायच्या आणि समजायच्या.

साठ साली इद्रीसला महिन्याची रजा मिळाली. बोटीने गेला असता तर रजेचा मोठा हिस्सा पाण्यातच गेला असता, म्हणून मेसच्या साहेबाने त्याला विमानाने जायला लावलं. इद्रीसला वाटलं, निदान समुद्र तरी टळला. विमान समुद्रावरूनच जातं हे त्याला मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

विमानाचे नियम आम्हाला सगळ्यांनाच नवे होते. बोटीवर आमची माणसं पेटी, वळकटी, पिंप, पत्र्याचे डबे, वेळ पडली तर शिलाई मशीनसुद्धा घेऊन चढायची आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. इथे पेटी वीस किलोच्या वर गेली की खलास. हातात काय चालतं? अंगावरचा कोट, छत्री, बाईमाणसाची पर्स, वाचायचं पुस्तक. बाकी सगळं वजनात. पण आमचे लोक काही कमी नव्हते. अंगावरच्या कोटाचं वजन करत नाहीत, एवढं कळल्यावर कुवेतच्या त्या भाजून काढणाऱ्या हवेत कोकणातला प्रत्येक माणूस थंडीचा ओव्हरकोट घालून विमानात चढायला लागला. जुन्या बाजारात असे कोट मिळायचे. एकाच कोटाने चार-पाच जणांची वारी केलेली असायची. इद्रीसने तसलाच एक आणला. तो त्याच्या घोट्यापर्यंत यायचा.

जायच्या आदल्या दिवशी महबूबभाईने आपल्या ट्रंकेतून एक पोटली काढली. शिडाच्या कापडाची, उशीएवढी, चारही बाजूंनी शिवलेली. त्याने ती दोन्ही हातांनी इद्रीससमोर धरली.

"ही आम्माची अमानत," तो म्हणाला. "तिच्याच हातात दे. वाटेत भुईवर टेकवायची नाय. हातातनं सोडायची नाय. आन उसवायची ती फक्त तिनंच."

"बरं," इद्रीस म्हणाला आणि पोटली घेतली. घेतली आणि त्याचा हात खाली गेला. कापडाच्या मानाने ती जड होती. मधोमध काहीतरी टणक होतं.

अमानत घेताना आत काय आहे हे विचारत नाहीत, अशी आमच्याकडची रीत आहे. विचारलं तर त्याचा अर्थ होतो, माझा तुझ्यावर भरवसा नाही. इद्रीसने विचारलं नाही. पण त्याचं डोकं थांबेना. त्या काळात कुवेतहून मुंबईला सोनं चोरून जायचं. पट्ट्यात, बुटाच्या तळव्यात, मिठाईच्या डब्यात. खोल्याखोल्यांतून त्याच गप्पा चालायच्या. बाणकोटकडचा एक जण कुणाची तरी अमानत घेऊन गेला, आत सोन्याची बिस्किटं निघाली, आणि 'माझं नाही' म्हणत म्हणत तो तुरुंगात गेला, ही गोष्ट तर इद्रीसला पाठ होती. शिवाय थोड्या दिवसांपूर्वी एक अरब ट्रकवाला महबूबभाईकडे येऊन कागदात गुंडाळलेलं काहीतरी देऊन गेला होता. दोघं दाराआड हळू आवाजात बोलले होते आणि महबूबभाईने ते लगेच ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं होतं. इद्रीसने ते पाहिलं होतं. घाबरट माणसाला सगळं दिसतं.

मला त्याने हे काहीच सांगितलं नाही. त्या दिवशी तो जेवला नाही, तेव्हा मला वाटलं, विमानाची भीती असेल.

त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. शहराबाहेरचा तो जुना, लहानसा विमानतळ. पेटी काट्यावर चढली, वजन बरोबर भरलं, आणि मी कठड्याअलीकडून हात हलवला. इद्रीस ओव्हरकोटाच्या आत पोटली पोटाशी धरून चालला होता. पोटुशी बाई चालते तसा. घामाने त्याचा चेहरा न्हाऊन निघाला होता. मला हसू आलं आणि मी परत फिरलो. पुढचं सगळं मला त्यानेच सांगितलं, आणि एकदा नाही, इतक्या वेळा सांगितलं की आता मीच तिथे होतो असं मला वाटतं.

विमानाकडे जायच्या दारात कंपनीचा एक पॅलेस्टिनी कारकून उभा होता. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून एक म्हातारा कुवेती पोलीस बसला होता. पोलीस दिसल्याबरोबर इद्रीसने मागे वळून बघितलं. रस्ता बदलायचा म्हटला तर दुसरा रस्ता नव्हता. मागे माणसं, पुढे दार. कारकुनाने त्याचं तिकीट बघितलं, मग कोटाकडे बघितलं, आणि खूण केली. उघड.

इद्रीसने कोट उघडला.

कारकून पोटलीकडे बघून म्हणाला, "कबीरा." मोठी आहे. त्याने हाताने माप दाखवलं; आसनाखाली एवढंच जातं, याहून मोठं वर नेता येत नाही. पोटात टाकायची तर विमानाचं पोट बंद झालं होतं. वजनाच्या हिशेबातही ती नव्हती. मग त्याने मागच्या बाजूच्या एका खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "अमानात."

आता विमानतळावर सामान ठेवून जायची जी खोली असते, तिला अरबीत अमानात म्हणतात. पोटली तिथे ठेव, तुझं कुणीतरी येऊन घेऊन जाईल, एवढंच तो सांगत होता. आम्ही कुवेतमध्ये असून आम्हाला अरबी यायचं ते दुकानापुरतं आणि बसपुरतं. ठेवायचं सामान आमच्यापैकी कुणाकडे कधी असायचंच नाही, मग ती खोली कुणाला माहीत असणार? इद्रीसला फक्त शब्द ऐकू आला. महबूबभाईने खोलीत, दार लावून, हळूच उच्चारलेला शब्द. तो या परक्या माणसाच्या तोंडात.

त्याला वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे. कुणीतरी आधीच कळवलंय. पोटली मोठी वगैरे नुसता बहाणा आहे.

"अमानात," कारकून पुन्हा म्हणाला, जरा जोरात, कारण मागची माणसं खोळंबली होती.

इद्रीसने मला सांगितलं, की त्या क्षणाला त्याला बायको आठवली नाही, पोरं आठवली नाहीत, फक्त बाणकोटकडचा तो माणूस आठवला. आणि तो कारकुनाशी नाही, थेट पोलिसाशी हिंदीत बोलायला लागला.

"साब, मेरा नहीं है. महबूब का है. अंदर सोना है तो मेरेकू मालूम नहीं."

कारकुनाला त्यातलं काही कळलं नाही. पण पोलिसाला कळलं. जुने कुवेती लोक गलबतांवरून मुंबईला येऊनजाऊन असायचे, त्यातलाच हा एक. तोवर पेंगत होता, तो सरळ झाला.

"सोना? कौन महबूब?"

आणि इद्रीसने सांगितलं. विचारलं तेवढंही सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. महबूब कुठे राहतो, कुठल्या गल्लीत ताडपत्र्या शिवतो, कुठला ट्रकवाला त्याच्याकडे येतो. तोंड एकदा सुटल्यावर त्याला थांबताच येईना. ज्या माणसाने त्याला आजारपणात पेज करून पाजली होती, त्या माणसाचं नाव तो पोलिसाला दोन-दोनदा सांगत होता, नीट ऐकू जावं म्हणून.

पोलीस उठला. त्याने खिशातून चाकू काढला आणि पोटलीची एक बाजू सरळ उसवत नेली. महबूबभाईचा टाका सहज तुटत नाही. त्याला चाकूला जोर लावावा लागला. आत हात घातला. पांढरं कापड निघालं. घडीवर घडी, सगळी पांढरी, कोरी, बिनशिलाईची. कापराचा वास आला. अत्तराची एक कुपी निघाली. आणि मधोमध तो टणक जिन्नस: झाळून बंद केलेला पत्र्याचा गोल डबा. पोलिसाने तो कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं. डब्यावरची अक्षरं त्याने वाचली, ओठ हलवत.

"झमझम," तो म्हणाला. मग कापडाच्या घडीवर हात ठेवून म्हणाला, "कफन."

हा शब्द त्याच्या भाषेतही तोच आणि आमच्याही. तिथे कुणाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मागच्या एकाने टोपी नीट केली.

"किसका है?" पोलिसाने विचारलं.

इद्रीसला तोवर माहीत नव्हतं, आणि त्याच क्षणी कळलं. "उसकी माँ का," तो म्हणाला.

ट्रकवाला हजला गेला होता. महबूबभाईने त्याच्याबरोबर आईच्या कफनाचं कापड पाठवलं होतं, झमझमच्या पाण्यात भिजवून, वाळवून आणायला. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची ही एक हौस असते. मरणाची तयारी आपल्या डोळ्यांसमोर, उशाशी असावी. आणि ती मक्केच्या पाण्यातून निघालेली असली तर मग काय हवं. महबूबभाई बोलला का नाही, तेही इद्रीसच्या ध्यानात आलं. गलबतावर कफन असलं तरी त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर खलाशी गलबतावर पाय ठेवणार नाहीत. महबूबभाईने विमानालाही तोच कायदा लावला होता. त्यातून नेणारा इद्रीस. त्याला भीती वाटू नये म्हणूनच तो गप्प राहिला होता.

पोलिसाने चाकू मिटून खिशात टाकला. घड्या होत्या तशा आत सारल्या. कारकून पोटलीच्या मापाबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

"महबूब को पकडेगा?" इद्रीसने विचारलं.

"काहे के वास्ते?" म्हातारा म्हणाला. "माँ को कफन भेजता है, इस वास्ते?" आणि त्याने पोटली स्वतःच्या हाताने इद्रीसच्या हातात दिली. तो चिडला असता तर इद्रीसला ते सोपं गेलं असतं.

विमान वर गेलं. पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस घाबरतोच. पण मांडीवर उघडं कफन घेऊन पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही. उसवलेल्या बाजूने पांढरं कापड बाहेर डोकवायचं. तो ते आत ढकलायचा, विमान हिसका द्यायचं, ते पुन्हा बाहेर यायचं. शेजारच्या गृहस्थाने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि उठून दुसरीकडे जाऊन बसला. खाली समुद्र. पंखे कानाशी घरघरत होते. मधेच विमान हातभर खाली पडल्यासारखं व्हायचं आणि इद्रीस पोटली आवळून धरायचा. त्याच्या मनात आलं, हे खालाचं नसेलच. हे आपल्याचसाठी निघालं असेल, म्हणून मापाचा नियमसुद्धा त्याला अडवू शकला नाही. भुईवर ठेवायचं नाही, म्हणून त्याने पाय अवघडले तरी ते मांडीवरून हलवलं नाही.

मग त्याला दुसरी भीती सुचली. एक संपली की दुसरी तयारच असायची. चौथी बाजू उसवलेली आहे. उसवायची ती फक्त तिनंच, असं महबूबभाई म्हणाला होता. खालाला काय सांगणार? विमानातल्या मुलीकडे त्याने खुणेने सुई मागितली. तिने आणून दिली, आणि सोबत दोरा दिला तो तिच्या कपड्यांच्या रंगाचा, निळा. दुसरा नव्हता.

मेसमधल्या वाढप्याने जन्मात कधी सुई धरली नव्हती. शिडाचं कापड जाड, सुई नाजूक, विमान हलणारं. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. दोनदा सुई बोटात गेली. तेव्हा तर त्याचा धीरच सुटला. रक्ताचा एक थेंब कफनाला लागला असता तर झमझमचं धुणं वाया गेलं असतं. तो बोट तोंडात धरायचा, रक्त थांबेपर्यंत चोखायचा आणि पुन्हा शिवायचा. कराचीला विमान उतरलं तेव्हा शेवटची गाठ मारून झाली होती. पोटली बंद झाली. तीन बाजू महबूबभाईच्या, चौथी इद्रीसची.

मुंबईच्या कस्टमवाल्याने पोटली दाबून बघितली आणि विचारलं. इद्रीस या वेळी एकच शब्द बोलला, "कफन." त्याने हात मागे घेतला.

गावी पोचल्यावर इद्रीसने पोटली घरात आढ्याच्या वाशाला टांगून ठेवली आणि खालाकडे जायचं टाळायला लागला. आज पाऊस आहे, उद्या जाईन. उद्या जुम्मा आहे. एवढ्या वेळात त्याने उत्तर तयार केलं. कस्टमवाले सगळ्यांचंच उसवतात, खाला. त्यात काय एवढं. हे तो मनात घोकत होता. बायको म्हणाली, सारा गाव तुला भेटून गेला, ती बिचारी आंधळी वाट बघत बसली असेल. मग तो गेला.

कुबराखाला पडवीत बसली होती. पावलांवरूनच तिने ओळखलं.

"आयलास इद्रीस? महबूब कसा हाय?"

"बरा हाय, खाला."

"दे इकडं."

तिला ठाऊक होतं काय येणार ते. तिनेच मागितलं होतं. पोटली मांडीवर घेतली तेव्हा तिचा चेहरा असा झाला, की इद्रीसला वाटलं, सुटलो. ती शिवणीवरून बोट फिरवायला लागली. पहिली बाजू. "माज्या पोराचा टाका," ती म्हणाली. "बापाला शीड शिवून द्यायचा तवापासूनचा." दुसरी बाजू. तिसरी. ती हसत होती. मग बोट चौथ्या बाजूवर आलं आणि थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं. लांब टाका, आखूड टाका, गाठ.

इद्रीसच्या तोंडातलं घोकलेलं उत्तर कुठल्या कुठे गेलं. तो खाली बघत बसला.

"तीन बाजू त्याच्या," खाला म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "चौथी दुसऱ्या कुनाची. शिवता शिवताच गेला काय रे?"

इद्रीसला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा तो घाईने बोलला.

"नाय खाला. जिता हाय. बरा हाय तो."

"त्याच्या बापाची पोटली आनलान त्यानंबी 'बरा हाय' असाच सांगितलान," ती म्हणाली. "आन असाच गप बसला व्हता. जिता असता तर माज्या महबूबनं चौथी बाजू दुसऱ्याच्या हातात दिली नसतीन. इन्ना लिल्लाहि..."

माणूस गेल्यावर म्हणायचे ते शब्द अर्धवट सोडून तिने पोटली छातीशी धरली आणि पुढेमागे डोलायला लागली. रडत नव्हती. इद्रीस आजवर ज्याला ज्याला भ्याला होता ते सगळं एकीकडे आणि ही डोलणारी म्हातारी एकीकडे. कस्टमचं खोटं सांगून भागणार नव्हतं. ते तिने ऐकलंच नसतं. मरणाची बातमी लपवायला माणसं असलीच कारणं सांगतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"खाला, मी उसवायला लावली," तो म्हणाला. "पोलिसाला मीच सांगितला. मना वाटला आत सोना हाय."

डोलणं थांबलं.

"महबूब चोरीचा सोना पाठवतो असा मना वाटला. मी घाबरलो. मी पोलिसाला त्याचा नाव दिला, खाला. गल्ली सांगितली. त्यानं चाकूनं उसवलान, तवा कफन दिसला. मग विमानात मीच शिवला. हे वाकडं टाकं माजं हायत."

"हात ठेव," ती म्हणाली. "कफनावर हात ठेवून सांग."

इद्रीसने पोटलीवर हात ठेवला. "महबूब जिता हाय," तो म्हणाला. "मी निघालो तवा तो भाकऱ्या करीत व्हता."

खालाने त्याचा हात धरला आणि बोटं चाचपली. सुई गेलेल्या जागी अजून खपली होती. तिथे तिचं बोट थांबलं. मग ती रडायला लागली. अंगात साठलेलं सगळं बाहेर यावं तशी, मोठ्याने. शेजारच्या बायका धावत आल्या, तर ती रडता रडता हसत होती आणि "माज्या महबूबकडं सोना" असं काहीतरी म्हणत होती. कुणाला काही कळेना.

त्या गेल्यावर ती इद्रीसला म्हणाली, "तू 'बरा हाय' म्हनालास त्याचा मना इश्वास नव्हता. ह्याचा हाय. असा खोटा कुनी स्वतःवर रचून सांगत नाय." आणि उठताना म्हणाली, "महबूबला ह्यातला काय सांगू नको. त्याच्या जिवाला लागंल. ती बाजू तशीच ऱ्हाऊ दे."

रजा संपवून इद्रीस परत आला त्या दिवशी मी खोलीत होतो. हे काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. महबूबभाई दाराशी बसून एका तंबूला कड घालत होता. इद्रीसने पेटी ठेवली, ओव्हरकोट काढला. महबूबभाईने हातातलं काम थांबवलं नाही, पण सुई हळू चालायला लागली.

"दिलीस?" त्याने विचारलं.

"दिली."

"काय म्हनाली?"

इद्रीस पाणी प्यायला. पेला त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, हे मला नीट आठवतं.

"हातात घेतलान," तो म्हणाला, "आन बोटानं टाका ओळखलान."

महबूबभाईने सुई तंबूत खोचून ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ऐकलास? दिसत नाय तरी ओळखलान." तो दिवसभर खुशीत होता. संध्याकाळी जाऊन गोश्त घेऊन आला आणि स्वतः रांधून त्याने इद्रीसला आग्रह करकरून वाढलं. इद्रीस खाली मान घालून जेवत होता.